नदीच्या नावापुढची रिकामी रेघ

जानेवारीत शाळांमधून अंतर्गत गुणांची लगबग सुरू झाली की कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानांत संध्याकाळी उभे राहायला जागा उरत नाही. झेरॉक्सच्या यंत्रातून निघणाऱ्या कागदांना एक कोमट, किंचित जळका वास असतो. गणवेशातली मुले, कामावरून थेट आलेले पालक, रंगीत कार्डशीटच्या सुरळ्या आणि सुट्ट्या पैशांची ओरड हे सारे त्या वासात मिसळलेले असते. अशाच एका संध्याकाळी मी तपकिरी कागद घेण्यासाठी थांबले होते. माझ्या पुढे एक गृहस्थ आणि त्यांची नववीतली मुलगी होती. दुकानदाराने मागच्या फळीवरून एक छापील पुस्तिका काढून काउंटरवर ठेवली. विषय होता नदीप्रदूषण. मुलीने ती उभ्या उभ्याच चाळली. पहिल्या पानावर विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता आणि शाळा यांसाठी रेघा सोडल्या होत्या. दुसऱ्या पानावर 'नदीचे नाव' असे छापून त्यापुढेही एक रिकामी रेघ होती. शेवटच्या पानांवर मात्र निरीक्षणांचा तक्ता भरलेला होता आणि निष्कर्ष क्रमांक घालून छापलेले होते.

"पप्पा, ह्यात नदीचं नावच नाही."

"मग लिही की पंचगंगा. आपलीच नदी हाय."

"पण मग हे उत्तर कुणाच्या नदीचं?"

वडिलांनी दुकानदाराकडे पाहिले. दुकानदार हसून मायेने म्हणाला, "बाळा, सगळ्या नद्यांचं तेच असतंय." पैसे दिले गेले, पुस्तिका दप्तरात गेली आणि ती दोघे गर्दीतून वाट काढत निघून गेली.

त्या मुलीला उत्तर मिळाले नव्हते, आणि त्यानंतर कित्येक दिवस मला तिच्या प्रश्नापासून सुटका नव्हती.

त्या वडिलांना दोष द्यावा असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. त्यांच्या शर्टाच्या बाह्यांवर फाउंड्रीतली काळपट धूळ होती. बहुधा शिरोलीकडची पहिली पाळी संपवून, जेवायलाही न थांबता ते मुलीला घेऊन आले असावेत. मुलीचे गुण जाऊ नयेत म्हणून ज्याला जे करता येते ते त्याने केले. दुकानदारही गरज पाहून माल ठेवतो. मला सलत होती ती त्या पुस्तिकेची रचना. संशोधनात जे सर्वांत आधी ठाऊक असायला हवे, म्हणजे आपण कुठे उभे आहोत आणि कोणत्या पाण्याकडे पाहत आहोत, ते तिच्यात रिकामे होते. जे सर्वांत शेवटी, तेही हाती लागलेच तर, लिहायचे असते, ते आधीच छापून तयार होते. ऋणनिर्देशसुद्धा छापलेला होता. मार्गदर्शक शिक्षकांचे आभार मानले होते, फक्त त्यांचे नाव लिहायचे बाकी होते.

माध्यमिक शाळेत अनेक वर्षे विज्ञान शिकवल्यानंतर आता शनिवारी दुपारी काही मुले माझ्याकडे येतात. कुणाला प्रकल्प हवा असतो, कुणाला नुसते बसायचे असते. प्रकल्प म्हटले की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "विषय कुठला घेऊ?" विषय म्हणजे फळीवरून काढून देण्याची वस्तू, अशी त्यांची समजूत झालेली असते आणि ती आपणच करून दिलेली आहे. मी त्यांना विषय देत नाही. तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेत तुम्हांला न समजलेली एक गोष्ट सांगा, एवढेच म्हणते. मग बराच वेळ शांतता असते. चौदा वर्षांच्या मुलाला आपल्याला काय कळत नाही ते मोठ्या माणसासमोर सांगायला फार धीर लागतो, कारण शाळेत तो रोज नेमकी तीच गोष्ट लपवायला शिकत असतो.

आमच्या काळी प्रकल्प नव्हते, पण आमच्या हायस्कूलच्या आवारात एक पर्जन्यमापक होता. भोगावतीकाठचे गाव, शाळेची कौलारू इमारत, आणि मागच्या बाजूला तारेच्या कुंपणात ते जस्ताचे नरसाळे. रोज सकाळी प्रार्थनेआधी दोघा मुलांनी बाटलीतले पाणी मोजपात्रात ओतून आकडा लिहायचा. पावसाळ्यात त्या कामासाठी भांडणे होत, कारण ओल्या गवतातून अनवाणी जायला मिळे आणि प्रार्थनेला उशीर झाला तरी कुणी रागावत नसे. मार्च-एप्रिलमध्ये मात्र कुणाला ते काम नको असे. नरसाळ्यात वाळलेले पान आणि बाटलीत कोरडी धूळ. एकदा एका मुलाने आठवडाभराच्या ओळी मोकळ्याच ठेवल्या. सरांनी त्याला मारले नाही. ते वही घेऊन वर्गात आले आणि त्यांनी आम्हांला सांगितले, की पाऊस पडला नाही तर शून्य लिहायचे आणि मोजायला कुणी गेलेच नाही तर आडवी रेघ ओढायची. पाहिले आणि काही नव्हते, ही एक माहिती झाली. पाहिलेच नाही, ही दुसरी. या दोहोंची सरमिसळ करणारी वही कुणाच्याच उपयोगाची नाही. भौतिकशास्त्राची पदवी घेताना मी पुष्कळ सूत्रे शिकले, पण प्रामाणिकपणाची इतकी नेमकी रीत मला पुन्हा कुणी शिकवली नाही.

ती रीत मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना देते, आणि ती त्यांना किती जड जाते ते पाहते. शाळेच्या वहीत मोकळी जागा म्हणजे अपूर्ण अभ्यास, आणि अपूर्ण अभ्यास म्हणजे लाल शेरा. म्हणून तक्त्यात एखादा रकाना राहिला की मुले आजूबाजूचे आकडे पाहून मधला आकडा भरून टाकतात. यात त्यांची लबाडी नसते; वही नीटनेटकी दिसावी एवढीच इच्छा असते. परंतु संशोधनाचा पहिला धडा नेमका त्या रकान्यात असतो.

शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतली तीन मुले एका पावसाळ्याच्या तोंडाला आली होती. त्यांना विषय विचारावा लागला नाही. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत त्यांच्या घरांत पाणी शिरले होते आणि आपल्या घरची भांडी, दप्तरे, गणपतीच्या अर्धवट रंगवलेल्या मूर्ती माळ्यावर चढवताना त्यांनी मोठ्यांना पाहिले होते. त्यांचा प्रश्न होता, 'आमच्या गल्लीत पाणी यायच्या आधी आम्हांला किती वेळ मिळतो?' जुलै-ऑगस्टात सारे कोल्हापूर फुटांमध्ये बोलते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी, आणि चहाच्या टपरीपासून लग्नाच्या बैठकीपर्यंत सगळीकडे तोच आकडा. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी किती उघडले, हे तर बातमी येण्याआधीच घरोघरी कळलेले असते. मुलांनी एका वहीत रकाने आखले. गगनबावडा आणि राधानगरी भागातला पाऊस, उघडलेले दरवाजे, बंधाऱ्यावरची पातळी, आणि शेवटचा रकाना आपल्या गल्लीचा. प्रत्येक दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी सुटते, हे त्यांना पाठ होते. ते पाणी आपल्यापर्यंत पोचायला किती तास लागतात, हे मात्र कुणी सांगत नव्हते.

पहिले काही दिवस त्यांची निराशा झाली. शहरात धो धो पाऊस पडे आणि पातळी हलत नसे. शहरात लख्ख ऊन पडे आणि पाणी दोन फूट चढलेले असे. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आले, की आपल्या डोक्यावरच्या पावसाकडे पाहून उपयोग नाही, घाटमाथ्यावरचा कालचा पाऊस आज आपल्याकडे येतो आहे. हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि छत्री मिटून कोरड्या रस्त्यावर उभे असताना समोरचा नाला फुगताना पाहणे वेगळे. गल्लीतल्या एका आजींनी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. "नदीकडनं पाणी येतंय म्हणून वाट बघू नगासा. आधी गटारीतलं पाणी उलटं फिरतंय." पंचगंगा भरली की जयंती नाल्याचे पाणी तिच्यात सामावत नाही, ते मागे फिरते आणि वस्तीत पसरते. मुलांनी वहीत नवा रकाना आखला आणि कोणत्या गटारीचे पाणी कोणत्या पातळीला थांबले, ते लिहू लागली. त्या रकान्याला ना शासनाच्या संकेतस्थळावर जागा होती ना वर्तमानपत्रात. तो त्यांच्या गल्लीचाच होता.

पावसाळ्यानंतर त्यांनी भिंतींवरच्या पुराच्या खुणा मोजायला घेतल्या. दोन जागांची उंची जुळवायला गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप एकाच्या काकांकडून मागून आणला. पाण्याने भरलेल्या नळीच्या दोन टोकांना दोघे आणि मध्ये बुडबुडा अडकला का ते पाहणारी तिसरी, अशी ती वरात दारोदार फिरे. काही घरांच्या भिंतींवर २०१९ आणि २०२१ च्या मळकट रेघा स्पष्ट होत्या. काहींनी रंग दिला होता. एका घरात खूण राहिली नव्हती, पण घरच्या बाईंनी देव्हाऱ्याच्या फळीवर हात ठेवून सांगितले, "इथपर्यंत. देव भिजले नाहीत, त्यांच्याखालचं वस्त्र भिजलं." ही उंची तक्त्यात घ्यायची की नाही, यावर त्या तिघांत असा वाद झाला की मला चहा दोनदा गरम करावा लागला. एकाचे म्हणणे, आपण डोळ्यांनी पाहिली नाही ती खूण धरायची नाही. मुलीचे म्हणणे, ज्या बाईने ते वस्त्र पिळले तिला ती उंची आपल्यापेक्षा नक्की माहीत आहे. शेवटी त्यांनी दोन रकाने केले, 'पाहिलेली खूण' आणि 'सांगितलेली खूण'. मी मध्ये एक शब्द बोलले नव्हते. पदव्युत्तर प्रबंधांतही इतकी काळजी घेतलेली मी नेहमी पाहिलेली नाही.

ती वही एका विज्ञान प्रदर्शनात मांडली गेली, तेव्हा परीक्षकांनी विचारले, "मॉडेल कुठे आहे?"

शेजारच्या टेबलावर थर्माकोलचे धरण होते, त्यात पंपाने पाणी फिरत होते आणि निळे दिवे लागत होते. ते करणाऱ्या मुलांचे कौतुकच आहे. जोडणी, कापणी, वायरिंग हीसुद्धा विद्या आहे. तरी त्या धरणाला पुढे काय होणार ते आधीपासून ठाऊक होते, कळ दाबली की दिवा लागणार. वहीला ते ठाऊक नव्हते. परीक्षकांनी ती वही उघडली असती तर पहिल्या पाच पानांत त्यांना चार आडव्या रेघा दिसल्या असत्या, कारण त्या दिवशी वीज नव्हती, फोन बंद होता आणि आकडा मिळाला नव्हता. मला त्या रेघांसाठी गुण द्यावेसे वाटले असते.

करवीर तालुक्यातल्या एका गावचा दुसरा एक मुलगा आठवतो. त्याचे आजोबा गुळव्या, म्हणजे गुऱ्हाळावर गूळ करणारे. हंगामात त्याच्या कपड्यांना नेहमी उसाच्या रसाचा आणि धुराचा वास येई. गुऱ्हाळावर पहाटे गेलात तर त्या वासाचे तीन थर कळतात. चुलवाणात जळणाऱ्या चिपाडांचा कोरडा धूर, काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, उकळणाऱ्या रसावरची मळी काढताना येणारा हिरवट वास, आणि शेवटी पाक घट्ट होऊ लागला की दरवळणारा तो खमंग गोडवा, जो रस्त्याने जाणाऱ्यालाही थांबवतो. काहील कधी उतरवायची, हे गुळव्या ठरवतो. तो पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी करून पाहतो आणि हाताने खूण करतो. क्षणभर आधी उतरवले तर गूळ बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. नातवाचा प्रश्न साधा होता. आजोबा 'उतरवा' म्हणतात तेव्हा पाक किती गरम असतो?

त्याने लांब दांडीचा, जास्त अंशांपर्यंत मोजणारा तापमापक मिळवला आणि हंगामभर आजोबांच्या शेजारी उभा राहिला. आजोबांनी बोटांनी ठरवायचे, नातवाने पारा वाचायचा, आणि एकमेकांना आधी काही सांगायचे नाही. ही अट त्याची त्यानेच घातली होती. आकडा बहुतेक वेळा ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास येई. मुलगा हरखून गेला. आजोबांच्या बोटांत तापमापक आहे, हे वाक्य त्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाकले होते. मग एके दिवशी आजोबांनी एक काहील भलत्याच आकड्याला उतरवायला लावली. मुलगा माझ्याकडे आला तो आलेख घेऊन. बाकीचे सारे बिंदू एका पट्ट्यात आणि हा एकच बाहेर. तो म्हणाला, "एवढी एक वगळू का? मग सरळ येतंय सगळं." मी त्याला म्हटले, की आजोबांना विचारून ये. दुसऱ्या शनिवारी तो उत्तर घेऊन आला. तो ऊस चोपण रानातला होता, खारवट जमिनीतला, आणि तसल्या रसाचा गूळ नेहमीच्या वेळेला धरत नाही. वगळायची गोष्ट काढल्यावर आजोबा चिडले होते. "बाकीच्या काहिली तुझ्या काचेनं बी उतरतील," असे ते म्हणाले होते, "ह्या काहिलीला गुळव्या लागतोय."

त्या एका बिंदूमुळे त्याचा प्रकल्प आलेखातून उठून जमिनीपर्यंत गेला. पुढे तो उसाबरोबर शेताचे नाव, लागण (नवा लावलेला ऊस) की खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला), आणि रसात काय घातले, रानभेंडीचा चिकट रस की रंग उजळवणारी पावडर, हेही लिहू लागला. पिवळाधमक गूळ बाजारात आधी उचलला जातो आणि तपकिरी गूळ मागे राहतो, ही गोष्ट त्याला तोवर अन्यायाची वाटत होती. आता तो ती मोजू पाहत होता.

न पटणारा बिंदू खोडून टाकण्याचा मोह मुलांपुरता नाही, आणि म्हणूनच मला एरास्टो एम्पेम्बा या टांझानियातल्या मुलाची हकिगत मुलांना सांगायला आवडते. १९६३ साल. मगांबा इथल्या माध्यमिक शाळेत मुले आइस्क्रीम करत होती. दूध उकळायचे, साखर घालायची, थंड होऊ द्यायचे आणि मग फ्रीजरमध्ये ठेवायचे. फ्रीजरमधली जागा जाईल या भीतीने एम्पेम्बाने आपले मिश्रण गरमच आत सरकवले, आणि ते दुसऱ्याने न उकळताच ठेवलेल्या मिश्रणाच्या आधी गोठले. त्याने शिक्षकांना विचारले. तुझा गोंधळ झाला असेल, असे उत्तर मिळाले. पुढच्या शाळेत पुन्हा विचारले, तेव्हा ही एम्पेम्बाची फिजिक्स आहे, जगाची नव्हे, असे म्हणून वर्गात त्याची थट्टा झाली. नंतर डेनिस ऑस्बर्न नावाचे विद्यापीठातले प्राध्यापक त्या शाळेत आले आणि त्याने सर्वांसमोर तोच प्रश्न त्यांना विचारला. मुले हसली. ऑस्बर्न हसले नाहीत. त्यांनी परत गेल्यावर प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला प्रयोग करायला सांगितले. तंत्रज्ञाने कळवले, की गरम पाणी आधी गोठले खरे, पण योग्य उत्तर येईपर्यंत आपण प्रयोग करत राहू. १९६९ मध्ये एम्पेम्बा आणि ऑस्बर्न या दोघांच्या नावाने लेख प्रसिद्ध झाला. असे खरोखर घडते का आणि घडत असेल तर का, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.

या हकिगतीत मुलांना एम्पेम्बा आवडतो. मला तंत्रज्ञाचे वाक्य जास्त भेडसावते, कारण त्याच्या जागी आपण सारेच उभे असतो. शिक्षक, पालक, परीक्षक, सगळे योग्य उत्तर येईपर्यंत मुलाकडून प्रयोग करून घेतात, आणि वेळ नसेल तर उत्तरच छापून देतात. आता तर मोबाइललाही विचारता येते. पंचगंगेच्या प्रदूषणाचे निष्कर्ष सांग म्हटले की क्षणात सुबक दहा मुद्दे हजर होतात, आणि ते चुकीचे असतात असेही नाही. साखर कारखाने, शहराचे सांडपाणी, जलपर्णी, सगळे त्यात येते. त्यात येत नाही ती फक्त ती मुलगी, घाटाच्या पायरीवर उकिडवी बसून बाटलीत पाणी भरून घेणारी आणि त्याचा वास आईला आवडणार नाही म्हणून बाटली जिन्याखाली लपवणारी.

व्यवस्थेला हे कळत नाही असे म्हणणे खरे होणार नाही. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्या परिसरातला प्रश्न घ्यावा, गटाने काम करावे आणि आपल्या भाषेत मांडावे, अशी अपेक्षा आहे. नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आला, त्यातही आपल्या भागातल्या पाण्याचा अभ्यास आहे. कागदावर हे सारे सुंदर आहे. पण साठ मुलांच्या वर्गाला एक शिक्षक, त्यावर निवडणुकीची आणि सर्वेक्षणांची शाळाबाह्य कामे, आणि जानेवारीत एकदम जमा करायचे साठ प्रकल्प. त्या शिक्षकाने ते वाचायचे कधी? तो जाडी पाहतो, मुखपृष्ठ पाहतो, सही करतो. मुलांनाही ते कळते, आणि मुखपृष्ठावर ती जीव ओततात. मी स्वतः त्या खुर्चीत बसलेली आहे, त्यामुळे दुरून उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. पण एवढे ठामपणे वाटते, की साठ मुलांचे साठ विषय हवेत कशाला? एका वर्गाने जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, दहा प्रश्न घ्यावेत. प्रत्येक गटाची एकच वही असावी, ती महिन्यातून एकदा पाहिली जावी, आणि शेवटी मुखपृष्ठाऐवजी त्या वहीवर दहा मिनिटे बोलणे व्हावे. हा आकडा त्या दिवशी का वाढला? ही रेघ का ओढली? उत्तर देता आले की पुरे. निष्कर्ष निघाला नाही तर निघाला नाही असे लिहायची मुभा असावी आणि त्यासाठी एक गुणही जाऊ नये.

यातले काही न बदलताही कधी कधी काम होते. शिवाजी पेठेतल्या दोन मैत्रिणींनी नववीत असताना अंबाबाईच्या किरणोत्सवाचा प्रश्न धरला होता. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येत येत देवीपर्यंत पोचतात, ते नोव्हेंबरात ९, १०, ११ ला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. हे कोल्हापुरात कुणालाही सांगावे लागत नाही. या मुलींनी विचारले, वर्षातून दोनदाच का, आणि याच तारखांना का? एकीच्या गच्चीवरून रंकाळ्यापलीकडचे क्षितिज दिसते. जिन्याच्या खोलीच्या खिडकीला त्यांनी पारदर्शक कागद चिकटवला, हनुवटी टेकायला दोरा बांधून जागा ठरवली, आणि सूर्य टेकतो तिथे रोज ठिपका करून तारीख लिहायला सुरुवात केली. पावसाळ्यात नुसत्या रेघाच रेघा. दसऱ्यानंतर ठिपके दक्षिणेकडे सरकत गेले, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इतके जवळजवळ आले की पेन्सिलीला जागा उरेना, आणि मग ते माघारी फिरले. जानेवारी संपता संपता नवा ठिपका नोव्हेंबरातल्या ठिपक्यावर येऊन बसला. त्या दिवशी त्या खाली पळत आल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटाने दिवस मोजू लागल्या. दहा नोव्हेंबरपासून सूर्य फिरतो तिथवर सुमारे बेचाळीस दिवस, आणि तिथून एक फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ तेवढेच. सूर्य एका जागी जाताना मावळतो आणि येताना मावळतो, पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला. एकीची आजी दर वर्षी गर्दीत उभी राहून किरणांची वाट पाहणारी. ती गुडघे धरत गच्चीवर आली, तिने सगळे ठिपके समजावून घेतले, आणि मग विचारले, की किरण पायांपासून मुखाकडे चढत का जातात. सूर्य जसजसा खाली येतो तसतसा किरण आडवा होत वर चढतो, हे नातीने टॉर्च आणि पाटावर ठेवलेल्या तांब्याने दाखवले. मावळतीला ढग किंवा धुरकटपणा असला तर अगदी शेवटचा, मुखापर्यंतचा टप्पाच का हुकतो, ते मग आजीने आपले आपण सांगितले.

आता त्या मुली दहावीत आहेत. "दहावीला दुसरं काही नको," हे दोन्ही घरांनी सांगितले आणि त्यांनी ते मानलेही. वही आठवीतल्या एका मुलाकडे जायची आहे. पहिल्याच दिवशी त्याने अडचण काढली. त्याचे घर कळंब्याकडे. तिथून दिसणारे क्षितिज वेगळे, झाडे वेगळी, इमारती वेगळ्या. मग या खिडकीवरचे ठिपके त्याच्या काय कामाचे? मुली काही वेळ गप्प झाल्या. मग त्यांनी ठरवले, की ठिपक्यांचे अंश करायचे, म्हणजे ते कुठल्याही गच्चीवरून जुळवता येतील. होकायंत्र आणले, आणि ते कठड्यावर ठेवताच सुई एकीकडे, टाकीच्या लोखंडी स्टँडजवळ नेताच दुसरीकडे. मुलगा म्हणाला, "मग खरी उत्तर कुठली?" दोघींपैकी एकीने पुस्तकांच्या पिशवीतून खडू काढला. येत्या रविवारी क्लास सुटल्यावर कठड्यापासून एक-एक फुटावर खुणा करायच्या, प्रत्येक खुणेवर सुई वाचायची, आणि ती कुठून पुढे हलायची थांबते ते पाहायचे, असे ठरले आहे. टेप त्याने आणायचा आहे.